झुंबरनाना आज पीत नाही

मखमलाबाद रोडला द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की सगळं नाशिक खूश होतं. मी मात्र धास्तावते. परवा शाळेतून घरी येताना यंदाची पहिली गाडी दिसली. गाडीवाल्याने चाखायला दोन मणी दिले. गोड होते, नाव ठेवायला जागा नव्हती. मी स्कूटी बाजूला घेतली आणि आधी प्रमोदला फोन लावला. प्रमोद माझा धाकटा भाऊ. त्याने तिसऱ्या रिंगला उचलला आणि म्हणाला, "काय गं ताई?" मी म्हटलं, काही नाही, द्राक्षं आणू का. तो हसला. मखमलाबादला राहणाऱ्याला द्राक्षं आणून देणारी मी पहिलीच असेन. पण आवाज नीट होता, शब्द एकमेकांवर सांडत नव्हते. मग मी अर्धा किलो द्राक्षं घेतली आणि घरी गेले.

भावाचा आवाज तपासायची ही सवय जुनी आहे. लोक फोनवर बोलणं ऐकतात, मी बोलण्यातली जोडाक्षरं ऐकते. मराठीची शिक्षिका असल्याचा एवढाच उपयोग मला आयुष्यात झाला. प्रमोदला चढलेली असली की 'व्होल्टेज' हा शब्द नीट निघत नाही, आणि त्याच्या धंद्यात तो दर दोन वाक्यांनी येतो. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटरी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची. थरथरत्या हाताने ते जमत नाही. अंगाला व्हार्निशचा असा उग्र वास असतो, की त्याखाली दुसरा कुठला वास लपला असेल तर कळायचं नाही. त्याच्या बायकोने, मनीषाने, हे मला लग्नानंतर वर्षभरात सांगितलं होतं. वासावर जाऊ नका ताई, हात बघा, असं ती म्हणाली होती.

आमच्या भागात सीझन म्हटलं की द्राक्षांचाच. आमच्या मालिकेचं शूटिंग करणारा किरण पहिल्यांदा प्रमोदच्या ओट्यावर बसून "मॅडम, आता सीझन टू" असं म्हणाला, तेव्हा मनीषा चहा ठेवता ठेवता म्हणाली होती, की अजून पहिलाच कुठं संपलाय, निम्मे बाग तोडायचे राहिलेत. आम्ही हसलो. मी जरा उशिराने हसले, कारण किरण पुढे काय म्हणणार ते मला कळून चुकलं होतं.

किरण लग्नांचं शूटिंग करणारा माणूस, चाळिशीला आलेला, हौशी. त्याने आणि मी मिळून मोबाइलवर बघायची एक विनोदी मालिका काढली होती, 'पाटावरची गल्ली'. दर गुरुवारी दहा-बारा मिनिटांचा एक भाग. लिहायचं मी, शूटिंग त्याचं, आणि नट म्हणजे गल्लीत जो मोकळा सापडेल तो. त्या गल्लीत झुंबरनाना नावाचा एक इसम होता. थापाड्या, फुकट्या, आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणारा, आणि पिणारा. तोंड मात्र इतकं गोड की चार शिव्या द्यायला आलेला माणूस त्याला चहा पाजून परत जायचा. नानाचं काम करणारा नट पहिल्याच दिवशी आला नाही. प्रमोद शेजारच्या बोअरमध्ये मोटर सोडायला आला होता. दुपारचे बारा वाजलेले आणि त्याने सकाळीच घेतलेली. किरणने गंमत म्हणून त्याला वाक्यं दिली. त्याने ती अशी म्हटली की अख्खी गल्ली पोट धरून हसली.

म्हणणारच होता. वाक्यं त्याचीच होती.

हे मी किरणला कधी सांगितलं नाही. नाना मी भावावरून उचलला होता. त्याचं सर्वांत गाजलेलं वाक्य, "पडलो नाय, बसलोय," हे प्रमोद आईच्या दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर म्हणाला होता. पिंड मांडलेले, कावळ्याची वाट बघत सगळे उभे, आणि हा पायऱ्यांवरून घसरून पाण्यात गुडघाभर गेलेला. त्याला उचलायला मी वाकले तेव्हा तो मोठ्या मानाने हे बोलला. तिथे कोणी हसलं नव्हतं. मनीषाने पदर तोंडात धरला होता. तेच वाक्य मी दोन वर्षांनी वहीत लिहिलं आणि लोकांनी ते एकमेकांना पाठवलं, रिक्षांच्या मागे लिहिलं. पडद्यावरचा दारुडा सगळ्यांना आवडतो, कारण दहा मिनिटांनी तो त्यांच्या घरी जात नाही. जातो तो आमच्या घरी. मला याची लाज वाटायची आणि दर गुरुवारसाठी पुढचा भागही मी लिहायचे. आपण सगळे असेच थोडे झुंबरनाना असतो.

विनोदी मालिकेचं एक गणित असतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, या म्हणीवर तिचा सगळा संसार चालतो. खोड गेली तर हसायचं कशाला? आणि तरीही, पन्नास-साठ भाग झाले की लिहिणाऱ्याच्या हाताखाली माणूस हलायला लागतो. एकदम नाही. नाटकात तिसऱ्या अंकात माणूस धाडकन सुधारतो, कारण पडदा पडल्यावर त्याला कोणी विचारायला येत नाही. मालिकेतल्या माणसाला पुढच्या गुरुवारी परत त्याच गल्लीत, त्याच शर्टात यायचं असतं. म्हणून तो नखभर बदलतो. एका भागात थाप मारून स्वतःच ओशाळतो. दुसऱ्यात कोणाची अडचण बघून न बघितल्यासारखं करायचं सोडून देतो. मी मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. एका भागात शेजारणीला सकाळी सातला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गल्लीत गाडी चालवणारा एकटा नाना, एवढंच मला सुचलं. त्या सकाळी तो प्यायलेला असून चालणार नव्हतं.

प्रमोदने कागद वाचला आणि विचारलं, झुंबऱ्या आज पीत नाय का. मी म्हटलं, नाही पीत. तो बरं म्हणाला आणि त्या दिवशी प्यायला नाही. मला वाटलं, योगायोग. मग मी पुढच्या भागातही नानाला प्यायला दिलं नाही, भीत भीत, आणि प्रमोद त्याही दिवशी प्यायला नाही. मनीषाने मला फोन करून हळूच विचारलं, "ताई, पुढच्या गुरुवारचं काय लिवलं?"

त्याचं कारण मला कळायला महिना लागला. आमच्या आईचं माहेर सुरगाण्याकडचं. तिकडे बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घेऊन गावकरी नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराण्याने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या मामाकडे म्हैसासुराचं सोंग होतं. सोंग चढवायच्या आधीचे कितीतरी दिवस मामा दारूला शिवत नसे, जमिनीवर झोपे, कोणाला उलट बोलत नसे. लहानपणी मी त्याला विचारलं होतं की मामा, राक्षसाचं सोंग आणि उपास कशाला? तो म्हणाला होता, सोंग कोणाचंबी असू दे, घेतलं की पाळायचं असतं. मी ही गोष्ट विसरून गेले होते. प्रमोद विसरला नव्हता. नाना त्याच्यासाठी काम नव्हतं, सोंग होतं. घराण्याकडे आलेलं. नाना प्यायचा तोवर तो पीत होता. नानाने सोडली, याने सोडली. डॉक्टर, देवऋषी, शपथा, मनीषाचं माहेरी निघून जाणं, यातल्या कशाने जे झालं नाही ते माझ्या वहीने झालं होतं. मला आनंद झाला, खोटं का बोलू. पण त्याच्या दुप्पट भीती वाटली. भावाचा जीव माझ्या बॉलपेनच्या टोकाला येऊन बसला होता.

वर्षभर हे चाललं. हात स्थिर झाले, दुकानात मोटरींची रांग लागली, गाल भरले. आणि नाना सुधारला तशी मालिका बघणारे कमी झाले. किरणने मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. जुना नाना परत आणा. नाना लय शाना झाला, मजा नाय. आमच्या नानाला कोणी सोडायला लावली? किरण वाईट माणूस नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, लोकांना नाना आवडतो म्हणजे काय आवडतं? बाटली आवडते. सीझन टूमध्ये त्याला परत बसवा. तुम्हाला जमणार नसेल तर मी दुसऱ्याकडून लिहून घेतो." प्रमोद तिथेच बसला होता, चहा पीत. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी सोडलं असतं तर नाना परक्या हातात गेला असता. तो हात पहिल्याच भागात नानाला आडवा करणार. मी धरलं तर बाटली मला लिहावी लागणार होती. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शाळेत बारावीच्या पेपरांचं केंद्र होतं, मी वर्गात पर्यवेक्षण करत उभी राहायचे आणि मुलं पेपर लिहायची, आणि मला वाटायचं यांच्यापैकी कोणाचा प्रश्न माझ्याइतका अवघड नसेल.

शेवटी मी एक चलाखी केली. नाना परत बाटली घेऊन बसतो, ग्लास भरतो, ग्लास उचलतो, आणि प्रत्येक भागात काहीतरी आडवं येतं. शेळी येऊन ग्लास सांडते. वीज जाते. कोणाची म्हातारी पाटाच्या पाण्याकडे निघून जाते आणि नानाला धावावं लागतं. अख्खा मोसम एक माणूस प्यायचा प्रयत्न करतो आणि त्याला पिता येत नाही. किरण खूश झाला. जाहिरातीच्या चित्रात बाटली असली की त्याचं काम होत होतं. मीही स्वतःवर खूश होते. शूटिंगच्या पहिल्या दिवशी प्रमोद समोर बाटली ठेवून खुर्चीवर बसला तेव्हा मला कळलं, की मी रोज पेपर सुटल्यावर भावापुढे एक भरलेला ग्लास ठेवणार आहे. त्याने मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, सोंग तू लिवलंस. आता हे पाळायचं कसं तेवढं सांग." मी म्हटलं, ओठाला लागू द्यायचा नाही, बस. त्याने मान हलवली.

बाटलीत कोरा चहा असायचा. तो मी घरून करून न्यायचे, दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. बिनसाखरेचा, दोनदा गाळलेला, थंड. शॉट सुरू व्हायच्या आधी ग्लासाचा वास घ्यायचे आणि संपल्यावर परत घ्यायचे. कोणी बघत असलं तर ग्लास विसळायला नेल्याचं सोंग करायचे. बाहेर रस्त्याने क्रेटने भरलेले टेम्पो जात असायचे, ओझर-पिंपळगावकडचे व्यापारी बागा बघत फिरायचे, उन्हाला नुकती धार येऊ लागलेली असायची, आणि त्या सगळ्या गोड वासात मी चहाचा कडवट वास शोधत असायचे. तो सापडला की माझा जीव भांड्यात पडायचा. अजूनही मी घरी कोरा चहा पीत नाही. नवऱ्याला पित्तामुळे तोच लागतो, त्याने तो गॅलरीत जाऊन प्यावा असा आमच्याकडे नियम आहे.

नवव्या दिवशी मला उशीर झाला. केंद्रावर एका मुलीला चक्कर आली, तिला घरच्यांच्या ताब्यात देईपर्यंत थांबावं लागलं. गल्लीत पोचले तर शॉट चालू होता. चहाची किटली माझ्या स्कूटीच्या हुकाला होती आणि प्रमोदच्या हातात भरलेला ग्लास होता. मला वाटलं किरणने दुकानातून चहा मागवला असेल. मग मी प्रमोदचा हात पाहिला. तो थरथरत होता. वर्षभरात मी तसा हात पाहिला नव्हता. मी स्कूटी धरून तशीच उभी राहिले. शेळीने यायचं ते वाक्य कोणीतरी चुकलं, शेळी आली नाही, आणि कॅमेरा चालूच राहिला. प्रमोद ग्लासाकडे बघत राहिला. गल्लीतले लोक खिदळत होते. मनीषा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्याने ग्लास नाकापर्यंत नेला, तिथेच धरला, मग हात लांब करून तो खाली फरशीवर ठेवला, इतक्या सावकाश की थेंब सांडला नाही. किरणने कट म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ग्लास उचलला. रम होती. मागून एक टेम्पोवाला हसत पुढे आला, आमच्या मालिकेचा मोठा चाहता. बिचारा नाना इतके दिवस चहावर काढतोय, म्हणून त्याने प्रेमाने खरी आणली होती. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. मी ग्लास गटारीत ओतला. प्रमोद ओट्यावर बसला होता, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, तुला कसं कळलं.

"मी रोज वास घेतो," तो म्हणाला. "तू घ्यायच्या आधी."

मला वाटत होतं भीती एकट्या माझी आहे. तो रोज त्या खुर्चीवर माझ्याहून जास्त घाबरून बसत होता आणि वर लोकांना हसवत होता. मी रडले. तो रडला नाही. मग तो म्हणाला, की मालिका कधीतरी संपेल, नाही का. मी म्हटलं, संपेलच. शेवटच्या भागात नाना बाटली पाटात फेकतो, कायमची सोडतो, असं लिहिते. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो एकदम माझ्याकडे वळला.

"तसं करू नको, ताई. त्याला पुरता सुधरवू नको. तो सुधारला की सोंग उतरलं. मंग मी काय पाळू?"

मामाचं मला तेव्हा आठवलं. बोहाडा संपला, मुखवटा उतरवून पुन्हा गुंडाळून ठेवला, की मामाही मोकळा व्हायचा. वर्षाचे बाकीचे दिवस त्याने कसे काढले हे आईने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

नवव्या दिवसाचा तो भाग सगळ्यांत जास्त बघितला गेला. काय हात थरथरवलाय, काय अभिनय, असं लोकांनी लिहिलं. त्यानंतर तीनच भाग झाले. लग्नसराई लागली, किरणला कामं आली. लोकांना आता दहा मिनिटंही लांब वाटतात, असं तो म्हणाला आणि मालिका बंद केली. शेवट असा झालाच नाही. नाना बाराव्या भागात कट्ट्यावर बसून राहिला तो राहिलाच. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

पण मी लिहिते. कोणी शूट करत नाही, कोणी बघत नाही. बुधवारी संध्याकाळी शाळेच्या वह्या बाजूला सारून एक भाग लिहिते आणि गुरुवारी सकाळी शाळेत जाताना मखमलाबादचा वळसा घालून प्रमोदच्या दुकानात देते. तो उभ्याउभ्या वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि तार घेऊन बसतो. या भागांतला नाना खूप वेगळा झालाय. त्याला चष्मा लागला. भाकरी थापायला शिकला, पहिली सगळी जळाली. एकदा त्याने स्वतःहून शेजारणीची माफी मागितली आणि ती इतकी घाबरली की तिने दार लावून घेतलं. कधी कधी काहीच विनोदी घडत नाही, नाना नुसता दिवस काढतो. तसे भाग प्रमोद दोनदा वाचतो. मनीषाने एकदा विचारलं, "ताई, असं किती वरीस लिवनार?" मी म्हटलं, जमेल तोवर. ती म्हणाली, आणि नाय जमलं तर? आम्ही दोघी मग द्राक्षांचे दांडे निवडत बसलो.

यंदाही पेपरांचं केंद्र आमच्याच शाळेत आहे. आठवडाभर अंगात कणकण आहे, सकाळपासून डोकं जड आहे. टेबलावर कागद आहे. त्यावर मी लिहिलंय की सकाळ झाली, नाना उठला आणि ओट्यावर येऊन बसला. त्यापुढे तो काय करतो ते मला अजून सुचलेलं नाही. बाहेर अंधारून आलं आहे आणि आज बुधवार आहे.